डोंगराची कैफियत



‘सह्याद्रीतील अद्भुत कथा आणि न उलगडलेली कोडी’ असा विषय या व्याख्यानमालेच्या चालकांनी पत्रिकेवर छापला आणि त्या दिवसापासून रस्त्यात भेटणारा प्रत्येक परिचित मला एकच प्रश्न विचारू लागला : “म्हणजे भूत आहे की नाही, ते एकदा सांगून टाका.” आजच्या सभेतही काही मंडळी केवळ तेवढ्याच निकालासाठी आली असावीत, अशी मला दाट शंका आहे. त्यांची निराशा आरंभीच केलेली बरी. तो निकाल देण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, आणि असता तरी मी तो राखून ठेवला असता. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते विद्यार्थ्यांना गडावर नेत तेव्हा स्वतः इतिहास सांगण्यापूर्वी पायथ्याच्या एखाद्या म्हाताऱ्याला बोलते करीत, असे त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या तोंडून मी ऐकले आहे. आजच्या विवेचनाची रीत मी त्यांच्यापासूनच उसनी घेतली आहे.

लोककथा समोर आली की सुशिक्षित मनुष्य तिला ‘तू खरी की खोटी?’ असा फौजदारी सवाल टाकतो. मला दिवाणी सवाल अधिक उपयोगाचा वाटतो : ही कथा कोणत्या जागेची, आणि त्या जागी ती कोणाचे काम करते? ज्या कथेला चतुःसीमा आहेत, जिला अमुकच डोह, अमुकच बुरूज, अमुकच खिंड लागते, तिची साक्ष नोंदवून घ्यावी. जिला जागाच नाही ती खुशाल सोडून द्यावी. एका गडावरून दुसऱ्या गडावर जाणारे गुप्त भुयार घ्या. महाराष्ट्रात असा किल्ला विरळा की ज्याच्यापासून शेजारच्या किल्ल्यापर्यंत भुयार नेल्याची वार्ता नाही. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा. त्यातून दहा-वीस मैल भुयार खोदणाऱ्यांनी निघालेले दगड टाकले कोठे, असे विचारले की सांगणारा गृहस्थ चहा मागवतो. हंड्यावर बसलेला नाग, अमावास्येला ऐकू येणाऱ्या टापा, तटावरून फिरणारी पांढऱ्या वस्त्रांतली स्त्री, ही सारी मंडळी या गडावरून त्या गडावर विनासायास बदली होऊन जातात. ज्याची कोठेही बदली होऊ शकते, तो त्या गावचा वतनदार नव्हे!

आता जागेच्या कथांकडे वळू, आणि आरंभ हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापासून करू. तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते पुरणार नाही. नागाच्या फण्याप्रमाणे आत वळलेली ती भिंत खालच्या कोकणातून जणू एका उडीत उठते. पावसाळ्याच्या दिवसांत दरी ढगांनी काठोकाठ भरलेली असावी, सूर्य पाठीमागे आणि क्षितिजाजवळ असावा, आणि आपण कड्याच्या कडेशी उभे असावे. अशा घटकेला समोरच्या धुक्यात सप्तरंगांचे संपूर्ण वर्तुळ उमटते आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागी एक मनुष्याकृती उभी दिसते. यालाच आपण इंद्रवज्र म्हणतो.

मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची खानेसुमारी आणि मोजमाप करणारा विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी होता. दख्खनच्या हवामानावरील त्याचा निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या या वर्तुळाचे वर्णन त्याने त्यात केले आहे आणि त्याच्या मध्यभागी आपली, आपल्या घोड्याची व बरोबरच्या माणसांची सावली कशी स्पष्ट दिसली, हेही सांगितले आहे. त्याच वर्णनात एक गोष्ट ओझरती येऊन जाते, आणि मला सगळ्या निबंधात तीच मोलाची वाटते. साइक्सच्या चाकरनोकरांना त्या आकृती आपल्याच आहेत हे पटेना. तेव्हा त्यांनी हात हलवले, पाय उडवले, अंगे वेडीवाकडी करून पाहिली आणि समोरची आकृती तसेच करते की नाही याची खात्री करून घेतली. साहेबाने या वागण्याच्या मुळाशी असलेल्या भावनेला भोळसट समजूत म्हटले आहे. श्रोतेहो, मी विचारतो, यात भोळसटपणा कोणता? समोर अपूर्व दृश्य दिसले. ते आपल्यापासून स्वतंत्र आहे की आपल्यावर अवलंबून आहे, अशी शंका आली. शंका फेडण्यासाठी एक गोष्ट बदलून दुसरी बदलते का, ते पाहिले. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत याहून निराळे काय करतात? नोंद साइक्सने केली हे खरे. प्रयोग मात्र त्या अनामिक माणसांनी केला, आणि दफ्तरात त्यांचे नाव नाही.

त्यामागील कारण आज ठाऊक आहे. ढगातील अतिसूक्ष्म जलबिंदूंवरून प्रकाश आल्या दिशेने परत फिरतो आणि प्रत्येकाला तेजोवलय केवळ आपल्याच मस्तकाभोवती दिसते. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मित्राच्या डोक्याभोवती ते आपल्याला दिसत नाही, हा एक मजेदार न्याय आहे. जर्मनीतील हार्त्स पर्वताच्या ब्रोकेन शिखरावर असेच दृश्य दिसते, आणि त्याच शिखरावर मे महिन्याच्या पूर्वरात्री चेटकिणींचा मेळा भरतो, अशी तिकडची जुनी समजूत. आपल्याकडे त्याच दृश्याला देवांच्या राजाचे आयुध मिळाले. भुतांच्या बाबतीत आपण कृपण आहोत असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्या कड्यावर आपण भूत बसवले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

चकव्याचे प्रकरण याहून घरगुती. रानात निघालेला, वाटांचा माहितगार मनुष्य घटका दोन घटका चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. पुन्हा निघतो, पुन्हा तेच झाड. घाटमाथ्यावरच्या कोणत्याही वाडीत विचारा, चकवा लागलेला एक तरी गृहस्थ तेथे निघतोच, आणि तो बहुधा खोटे बोलत नसतो. जर्मनीतील ट्युबिंगन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना एका घनदाट अरण्यात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले होते. सूर्य वा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली; आभाळ झाकोळले की ती गोल फिरू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची ठाम समजूत होती. भाद्रपदातले पुरुषभर गवत आणि उतरलेले धुके यांत सापडलेल्या आमच्या गुराख्याचे याहून निराळे काय होत असणार?

पण मला बोलायचे आहे ते उपायाविषयी. चकवा लागला की काय करावे? जाणती माणसे सांगतात : पळू नये, जागीच बसावे, अंगरखा उलटा करून घालावा, चंची सोडून तंबाखू मळावी, उजाडेपर्यंत हलू नये. उलटा अंगरखा आणि तंबाखू ही दोन कामे भेदरलेल्या माणसाचे हात गुंतवून ठेवतात आणि तेवढ्यात त्याचे पाय कड्याच्या दिशेने जायचे थांबतात. वाट हरवल्यास जागचे हलू नका, असेच आजचे गिर्यारोहणाचे शिक्षकही शिकवतात; फक्त ते तंबाखूची शिफारस करीत नाहीत.

रात्री दूरच्या डोंगरउतारावरून मशालींची रांग सरकताना दिसते, तिला वेताळाची पालखी म्हणतात. तिच्याविषयी फार बोलत नाही. पहिल्या पावसाच्या रात्री वलगणीचे मासे आणि मुठे धरायला टेंभे-पलिते घेऊन ओढ्याओढ्याने हिंडणारी माणसे ज्याने पलीकडच्या डोंगरावरून पाहिली असतील, त्याला ती पालखी ओळखीची वाटेल. ज्येष्ठाच्या तोंडाशी भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी लगडलेली झाडे एका तालात उजळतात आणि मालवतात. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या लाकडांवर बुरशी हिरवट प्रकाशते. असे प्रकाश पुष्कळ आहेत. मात्र वेताळ हा केवळ भयाचा विषय नव्हे, हे तळकोकणात गेल्यावर कळते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या प्रचंड वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या हद्दीवरून फेरी घालतो, तेव्हा वहाणा झिजतातच. देवळात ठेवलेल्या जोडांचे तळवे आपणही निरखून पाहावेत. गस्त घालणाऱ्या चाकराला पादत्राण पुरवणे हे गावाचे कर्तव्य आहे, असा त्यामागील चोख व्यवहार आहे.

येथवर आपण ज्या गोष्टी पाहिल्या त्यांचे कोडे थोडेबहुत सुटते. यापुढची वाट अधिक बिकट आहे.

सह्याद्रीतील कोणत्याही ओढ्याच्या काठाने वर चढू लागा. जेथे पाणी कातळात खोल कुंड करून थबकले आहे, तेथे बहुधा सात लहान दगड शेंदूर लावून ओळीने मांडलेले आढळतील, आणि त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, क्वचित दहीभाताचा सुकलेला गोळा. या साती आसरा. पाण्यात उतरलेल्या माणसाला त्या ओढून नेतात. विशेषतः पोहण्याचा ज्याला ताठा आहे त्याला. आता हे कुंड आतून पाहा. ओढ्याने आणलेला गोटा खळग्यात अडकतो, प्रवाहाबरोबर गरगर फिरतो आणि शतकानुशतके कातळाला आतून पोखरत जातो. कुकडी नदीच्या पात्रातील निघोजचे रांजणखळगे जगप्रसिद्ध आहेत ते याचमुळे. वरून शांत दिसणाऱ्या अशा पाण्याखाली भोवरा असतो, काठ गुळगुळीत असतात आणि हाताला धरायला काही नसते. जेथे सरकारी पाटी लावायला अद्याप कोणी पोहोचलेले नाही, तेथे आसरांचा शेंदूर पोहोचला आहे.

पण एवढ्यावर समाधान मानून आपण उठलो, तर फार मोठी गोष्ट हातची जाईल. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपणास परिचित आहे. व्यवसायाने गणिती, जन्माने गोमंतकीय, वास्तव्य पुण्यात. त्यांनी पुण्याभोवतालच्या टेकड्या पायांखाली घातल्या, त्या गावोगावच्या अशा देवींची ठाणी शोधीत. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट पुढे मांडली. यांपैकी पुष्कळशी ठाणी आजच्या गावठाणापासून दूर, ओसाड माळावर किंवा वाटांच्या तिठ्यावर का? गावातली माणसे एरवी जेथे फिरकतही नाहीत, तेथे वर्षातून एकदा नैवेद्य घेऊन का जातात? कोसंबींनी त्या ठाण्यांच्या आसपासची जमीन न्याहाळली आणि त्यांना अश्मयुगीन माणसाची नखाएवढी दगडी पाती सापडली. त्यांचे अनुमान असे की नांगर येण्यापूर्वी, गाव वसण्यापूर्वी, पावसाच्या मागे-पुढे कळप हाकीत वर-खाली जाणाऱ्या टोळ्यांच्या वाटा जेथे मिळत, तेथे या देवी बसल्या. पुढे त्याच वाटांनी व्यापारी तांडे गेले, आणि त्याच वाटांच्या कडेला बौद्ध भिक्षूंनी लेणी कोरली. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी एकवीरा बसली आहे आणि मुंबईचे कोळी तिच्या दर्शनाला घाट चढून येतात. हा योगायोग वाटतो तेवढा साधा नाही. ज्या वाटा नकाशावरून पुसल्या गेल्या, ज्यांवरून चालणाऱ्यांची भाषा कोणती हेही आपल्याला सांगता येत नाही, त्यांचे तिठे एका शेंदरी दगडाने आणि ‘तेथे तिन्हीसांजेला थांबू नये’ एवढ्या ताकिदीने जपून ठेवले.

देवराईचे तसेच. काळकाई, सोमजाई, वाघजाई, म्हसोबा यांच्या नावाने राखलेल्या रानातून वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. उचलली तर रक्ताची उलटी होते. पुण्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात या राया धुंडाळल्या, तेव्हा इतरत्र नाहीसे झालेले वृक्ष आणि वेली त्यांना तेथे उभ्या आढळल्या. पुढची हकीकत मात्र कडू आहे. किती तरी ठिकाणी देवीच्या जीर्णोद्धारासाठी देवीचीच झाडे ठेकेदाराला विकली गेली आणि त्या पैशातून सिमेंटचे देऊळ उभे राहिले. देवीला छप्पर मिळाले, पण तिचे रान गेले. रक्ताची उलटी कोणालाच झाली नाही, असे गावातली तरुण मुले हसत सांगतात. ओढे आता माघातच आटतात, हे त्याच गावातल्या बायका सांगतात.

आता मी ज्या कथेकडे वळतो आहे, ती सांगताना जीभ अडखळते. पुरंदर किल्ल्यावर शेंद्रीचा बुरूज आहे. बहामनी अमदानीत तो बांधावयास घेतला असता पुन्हा पुन्हा ढासळू लागला. तेव्हा बेदरच्या बादशहास स्वप्नात दृष्टांत झाला की ज्येष्ठ पुत्र आणि त्याची पत्नी यांना पायात पुरल्यावाचून बुरूज उभा राहणार नाही. ऐसाजी नाईक चिवे याच्याकडे काम सोपवले गेले. बहिरनाक सोननाक याने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना दिले. त्या दोघांना सोने आणि विटा यांच्यासह पायात घालण्यात आले आणि बुरूज सिद्धीस गेला. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात ही कथा नोंदलेली आहे.

हे घडले असेल काय? लोकसाहित्याचा अभ्यासक तत्काळ सांगेल की ही कथा एकट्या पुरंदराची नाही. अल्बानियातील श्कोदरच्या किल्ल्याची, रुमानियातील आर्जेशच्या मठाची, ग्रीसमधील आर्ताच्या पुलाची कथा हीच आहे. शेजारच्या कर्नाटकात तळ्याला पाणी लागावे म्हणून धाकटी सून बळी जाते ती हीच. बांधकाम ढासळते, स्वप्न पडते, तरुण स्त्री भिंतीत जाते. म्हणजे माझ्याच कसोटीप्रमाणे ही कथा बदलीवर फिरणारी ठरते, आणि मी ती सोडून द्यायला हवी.

मी ती सोडत नाही, आणि याचे कारण तिच्या शेवटात आहे. बुरूज पुरा झाल्यावर ऐसाजी नाइकाला किल्ला मिळाला आणि मुलाच्या बापाला दोन गावे इनाम मिळाली, असे ही कथा सांगते. युरोपातल्या गाण्यांत हा व्यवहार नाही. तेथे भिंतीतून आईच्या दुधाची धार वाहते आणि गाणे संपते. आमच्या कथेत सनद आहे. ‘नाक’ हा नावाचा शेवट महार समाजातील पूर्वजांच्या नावांत येतो. कोरेगाव-भीमाच्या लढाईच्या स्मारकस्तंभावरील नावांतही तो आढळतो. वतनाच्या तंट्यात महजर भरे, गोतापुढे साक्षी होत, आणि ‘हा हक्क तुला कशाबद्दल?’ असा प्रश्न येई. ज्याच्याजवळ कागद होता त्याने तो काढून दाखवावा. ज्याला कागद ठेवण्याची मुभाच नव्हती, त्याने काय दाखवावे? त्याने बुरूज दाखवला. पायातल्या दोन माणसांची नावे, मुलाच्या बापाचे नाव, मोबदल्याची गावे, असा सारा तपशील त्याने तोंडपाठ ठेवला आणि पिढीकडून पिढीकडे दिला. कथेचा सांगाडा देशोदेशी फिरला असेल, पण त्यावर चढवलेली कैफियत इथली आहे. नाथनाक आणि देवकाई खरोखरच त्या पायात आहेत की नाहीत, हे खणून पाहिल्यावाचून कळणार नाही. पण गडाच्या उभारणीत आमची माणसे गाडली गेली, हे त्या समाजाचे म्हणणे खोटे ठरवायला कोण पुढे येणार?

रायगडाविषयी दोन शब्द बोलतो, कारण ते न बोललो तर आपण मला सभागृहाबाहेर जाऊ देणार नाही. हिरकणीची कथा तत्कालीन कागदांत सापडत नाही, हे इतिहासकारांचे म्हणणे मला मान्य आहे. पण लेकरासाठी रात्री कडा उतरलेल्या गवळणीची कथा ऐकताना तिचा लष्करी भाग आपण विसरतो. शत्रूला चढता येईल अशी जागा कोठे राहून गेली आहे, हे राजाला कळले ते एका बाईच्या पायांमुळे, आणि तेथे बुरूज उठला. पुन्हा जागा, पुन्हा काम! राहता राहिले सिंहासन. बखरकार सभासदाने बत्तीस मण सोन्याचे म्हणून सांगितलेले, ६ जून १६७४ रोजी हेन्री ऑक्झिंडन या इंग्रज वकिलाने डोळ्यांनी पाहिलेले ते सिंहासन १६८९ साली गड मोगलांच्या हाती गेल्यानंतर कोठे गेले, याविषयी एकमत नाही. ते गंगासागरात टाकले म्हणावे, तर तळे काही अथांग नव्हे. मोगलांनी फोडून वितळवले म्हणावे, तर तेही अनुमानच. सोने वितळते आणि मोहरांवर पूर्वजन्मीची आठवण राहत नाही, एवढेच मी म्हणेन. सिंहासनाच्या शोधाला नेहमीच माणसे मिळतात, म्हणून त्याची चिंता मी करीत नाही.

चिंता वाटते ती नाणेघाटाची. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या त्या प्राचीन व्यापारी वाटेच्या तोंडाशी जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे, आणि थोडे खाली सातवाहनांचे लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा लेख आहे : अश्वमेधादी यज्ञ, हजारोंनी दिलेल्या गायी, कार्षापणांच्या दक्षिणा, आणि भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांपैकी काही अंक. या लेण्याकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधले तेही याच साइक्सने. मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव होते. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, ही नावे आजही वाचता येतात. त्यांच्याखालच्या प्रतिमा मात्र नाहीत. कोठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. प्रतिमा कोणी फोडल्या? केव्हा? शत्रूने, पुढच्या राजवटीने, की आडोशाला थांबलेल्या वाटसरूंनी वर्षानुवर्षे थोड्याथोड्याने? आणि फोडणाऱ्याने नावे का राखली?

ज्या प्रदेशाने प्रत्येक डोहाला आसरा दिल्या, प्रत्येक हद्दीला वेताळ दिला, ढासळणाऱ्या बुरुजालाही नावानिशी साक्षीदार दिले, त्या प्रदेशाने राजघराण्याच्या या मोडतोडीवर रचलेली एकही कथा माझ्या कानी आलेली नाही. माझा तर्क असा : घाटावरून रोज ओझी वाहणाऱ्या, रोज जकात देणाऱ्या माणसाला भिंतीवरच्या राजाचे भय वाटायचे कारण नव्हते आणि त्याला जपून ठेवण्यात त्याचे काही कामही अडले नव्हते. पण हा तर्क मी पुस्तके वाचून केला आहे, आणि ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो त्यांना ही रीत मान्य झाली नसती. घाटाच्या माथ्यावर घाटघर आहे, पायथ्याशी वैशाखरे आहे. उलटा धबधबा पाहायला आपल्यापैकी पुष्कळजण पावसाळ्यात तेथे जातच असाल. या खेपेस जाल तेव्हा दोन्ही गावांत जी सर्वांत वृद्ध माणसे असतील त्यांच्या ओसरीवर तासभर बसा, लेण्यातल्या माणसांचे काय झाले ते विचारा, आणि ते जे सांगतील ते सांगणाऱ्याच्या नावासह, जसेच्या तसे लिहून घ्या.